एअर सस्पेन्शन काढून स्प्रिंग बसवताय? आगोटीआधी या चुका टाळा

सकाळी पडवीतून बाहेर आलो तर गाडी मागून बसलेली. रात्री उभी केली तेव्हा चांगली होती. चावी फिरवली, मागे हवा भरणारा कॉम्प्रेसर घूं घूं करत राहिला आणि पाचेक मिनिटांनी गाडी वर आली, पण डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही गेला नाही. पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसरनेही मान टाकली. पुढे साधी स्प्रिंग आणि मागच्या दोन चाकांवर हवेच्या पिशव्या अशी ही जुनी विलायती एसयूव्ही मी मालवणात घरच्या खळ्यातच स्प्रिंगवर आणली. त्यात मी केलेल्या आणि नंतर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली शिरल्यावर दिसलेल्या चुका इथे लिहितो.

स्प्रिंग बसवणं तसं सोपं आहे. फसगत होते ती पिशवी काढताना. हवा गाडी उचलून धरते एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण ओझं वाढलं की तीच हवा कडक होते, मागची बाजू समपातळीत ठेवते, हेडलाइटचा झोत अप्रत्यक्षपणे जागेवर राखते, आणि बऱ्याच गाड्यांत शेवटचा धक्का झेलणारा बंप स्टॉप त्या पिशवीच्या पोटातच असतो. पिशवी गेली की ही सगळी कामं उघड्यावर पडतात.

आधी हवा कुठून जाते ते बघा

गाडी बसली म्हणजे पिशवी फाटली असं धरून चालू नका. साबणाचं पाणी करा, जुन्या ब्रशने पाइपच्या जोडांवर, हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर आणि पिशवीच्या घडीवर लावा आणि पाच मिनिटं बघत बसा. बुडबुडे जोडावर आले तर आतली ओ-रिंग बदलून काम भागेल. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर उबेला गाडीत शिरतात आणि नायलॉनचा पाइप कुरतडतात, तेही तपासा. पिशवी मात्र गाडी नेहमीच्या उंचीवर असताना चांगली दिसते. तिच्या खालच्या घडीतल्या बारीक चिरा गाडी वर उचलून रबर ताणल्यावरच कळतात. चिरा दिसल्या आणि कॉम्प्रेसरही गेलेला असेल, तरच स्प्रिंगचा विचार करा.

आणखी एक गोष्ट आधी शोधा: तुमच्याच मॉडेलची स्प्रिंगवाली आवृत्ती कंपनीने कधी काढली होती का. काढली असेल तर मूळ भाग मिळू शकतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवरून गाडीला ‘आता स्प्रिंग आहे’ असं सांगायचीही शक्यता असते. १९९८ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या लँड रोव्हर डिस्कव्हरीत पुढे स्प्रिंगच होती आणि मागे हवेची पिशवी काहीच गाड्यांना होती. पिशवी वेगळी, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेगळा, त्यामुळे ते काम घरी होतं. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये पिशवी आणि शॉक एकाच नळकांड्यात आहेत. तशा गाडीला ते पूर्ण नळकांडं, म्हणजे स्ट्रट, बदलावा लागतो. स्ट्रटमधली स्प्रिंग दाबून ठेवायला लागणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर हाताळायची सवय नसेल तर ते काम गॅरेजलाच द्या. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जागेवर राहत नाही.

जांभ्याचा चिरा गाडीखाली घालू नका

ही आपल्या भागातली खास चूक. कोकणात घराला चिरा, गडग्याला चिरा, न्हाणीघराच्या पायरीला चिरा. त्यामुळे गाडी उचलली की हात आपोआप चिऱ्याकडे जातो. माझाही गेला होता. अ‍ॅक्सलखाली दोन चिरे रचून झाले तेवढ्यात शेजारचे अण्णा गडग्यावरून डोकावले. त्यांचा जन्म ट्रॉलरच्या इंजिनांवर गेला आहे. ते ओरडलेच, “झिला, चिरो खंय लावतंस? तुका मरूचा आसा काय?” मग ते आत आले, हातोडीचा एक हलका ठोका चिऱ्याच्या कडेवर मारला आणि मूठभर तांबडी भुकटी खाली पडली. जांभा सच्छिद्र असतो. भिंतीत वजन सगळ्या चिऱ्यावर पसरतं म्हणून तो टिकतो. जॅकच्या किंवा चेसिसच्या दोन इंच टोकाखाली तो न सांगता फुटतो, आणि ओला असेल तर आणखी लवकर.

म्हणून दोन पक्क्या घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) विकत घ्या, गाडीच्या वजनाला पुरतील अशा. खळं सारवलेलं किंवा मातीचं असेल तर घोडीचे पाय हळूहळू आत जातात आणि तुम्ही खाली असताना गाडी कलते. प्रत्येक घोडीखाली फणसाची किंवा आयनाची जाड फळी, हातभर रुंद, आडवी घाला. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा. घोडी दगा देईल तेव्हा ते चाक तुम्हाला वाचवतं.

आणि हे सगळं करण्याआधी सस्पेन्शनचा फ्यूज काढा किंवा गाडीत जॅक मोड असेल तर तो लावा. चावी खिशात असली तरी काही गाड्यांचा कंट्रोल युनिट अधूनमधून जागा होऊन उंची तपासतो. गाडी जॅकवर असताना त्याला एखादा कोपरा उंच वाटला तर तो तिथली हवा सोडतो.

हवा शक्यतो स्कॅनरवरून सोडा. तसं जमत नसेल तर डोळ्यावर चष्मा लावून पाइपचा जोड थोडा थोडा सैल करा, फुसफुस थांबेपर्यंत थांबा. पिशवी रिकामी झाली म्हणजे दाबाची हवा साठवणारी टाकीही रिकामी झाली असं नाही. टाकी असलेल्या गाड्यांत तिचा दाब १० बारच्या पुढे असू शकतो, आणि ट्रकच्या टायरमध्येही इतका दाब नसतो.

उंची मोजली नाही तर नंतर वाद घालायला काही उरत नाही

मोजमाप जमिनीपासून घेऊ नका, टायरची हवा त्यात घोळ करते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांचं, आणि आकडे भिंतीवर खडूने लिहा. गाडी आधीच बसलेली असेल तर मॅन्युअलमधली उंची धरा.

आता स्प्रिंगची निवड. इथे बहुतेक जण रिकाम्या गाडीचा विचार करतात आणि एप्रिलमध्ये फसतात. हापूसची पाच डझनांची पेटी लाकडासकट पंधरा-वीस किलोची. पंधरा पेट्या मागे टाकल्या की तीनशे किलो झाले, म्हणजे एका बाजूला दीडशे, सुमारे १,४७० न्यूटन. स्प्रिंग सरळ अ‍ॅक्सलवर बसत असेल आणि तिचा कडकपणा मिलिमीटरला ३५ न्यूटन असेल, तर मागची बाजू ४२ मिलिमीटर खाली जाणार. ५० न्यूटनची घेतली तर तीसच्या आसपास, पण मग रिकामी गाडी खड्ड्यात आपटते आणि मागे बसलेली आई दर मैलाला बोलते. हवा हा हिशोब स्वतःच सांभाळायची. आता तो तुम्ही करायचा आहे. गणपतीत आणि आंब्यात गाडी भरते, बाकी वर्षभर रिकामी असते, अशांनी मधली स्प्रिंग घ्यावी असं माझं मत आहे. ‘हेवी ड्युटी’ शब्दाला भुलून घेतलेल्या स्प्रिंगांनी गाडी दोन इंच उंच झालेली मी पाहिली आहे. मग चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब अ‍ॅक्सलच्या उंचीवरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात हे महागात पडेल.

बसवताना

अ‍ॅक्सल खाली सोडताना एक नजर ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर ठेवा. शॉक सुटला की अ‍ॅक्सलला अडवणारं काही राहत नाही आणि सगळा भार त्या होजवर येतो. खाऱ्या हवेत शॉकचा खालचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. आदल्या रात्रीच रस्ट स्प्रे मारून ठेवा. सकाळी मारून लगेच पाना लावला तर बोल्ट तुटतो.

किटमध्ये बंप स्टॉप आहे का ते पाकीट उघडल्या उघडल्या बघा. नसेल तर वेगळा घ्या, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. स्प्रिंगचं कापलेलं टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलं पाहिजे. अर्धा इंच जरी सरकलं तरी प्रत्येक खड्ड्यात टण् असा आवाज येतो आणि लोक उगाच शॉक बदलत बसतात. डाव्या-उजव्या स्प्रिंगवर वेगळे नंबर असतील तर अदलाबदल करू नका.

माझी सगळ्यात मोठी चूक पुढची. आर्मचे बोल्ट मी अ‍ॅक्सल लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले. रबरी बुश त्या स्थितीत पकडला गेला, आणि गाडी चाकांवर आल्यावर कायम पिळलेला राहिला. चार महिन्यांत तो फाटला. बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून हलवा आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर चाकांखाली रॅम्प घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

दिवे आणि सेन्सर

उंचीचे सेन्सर आता कशाला, म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. झेनॉन हेडलाइट असलेल्या गाडीत झोत वर-खाली करणारी यंत्रणा बहुधा याच सेन्सरवर चालते. सेन्सर गेला की झोत चुकीच्या जागी अडकतो आणि समोरून येणारा एसटीवाला तुम्हाला शिव्या देतो. सेन्सर जागेवर ठेवा, त्याची दांडी जोडलेली राहू द्या. कॉम्प्रेसरचा फ्यूज आणि रिले काढला तरी डॅशबोर्डवर दिवा राहतो. त्यासाठी स्कॅनरवरून कोडिंग किंवा त्या मॉडेलसाठी बनवलेलं बायपास मॉड्यूल घ्या. दिव्याचा बल्ब काढणं किंवा वर काळी टेप लावणं हा उपाय नव्हे, कारण काही गाड्यांत सस्पेन्शन आणि घसरण रोखणारी यंत्रणा एकमेकांशी बोलत असतात. वायर कापू नका. सुटलेल्या कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि तोंड बांधा. नाहीतर मिरग लागल्यावर महिन्याभरात आत हिरवा गंज धरतो.

रात्री मांगराच्या भिंतीसमोर गाडी उभी करून झोत बघा, आधी रिकामी, मग मागे चार माणसं बसवून.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, अपघात व्हायच्या आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, त्यामुळे आरटीओत एकदा विचारून घेतलेलं बरं. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर अलाइनमेंट ताबडतोब करा, आणि स्प्रिंग थोडी बसल्यावर पाचेकशे किलोमीटरनी परत करा.

समुद्रकाठी स्प्रिंग मोडते ती बहुधा खालच्या वेटोळ्यात, वाटीत टेकते तिथे. वाळू आणि तांबडी माती तिथे साचते, रंगाचा थर खरवडला जातो आणि खारं पाणी आत राहतं. वाटीला पाणी जायला भोक असतं, ते चिखलाने बुजतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला गोड्या पाण्याचा पाइप तिथे मारा आणि ते भोक सायकलच्या जुन्या स्पोकने मोकळं करा.