दवाखान्यात जाताना, आपल्या मंडळींसाठी

गे, लेस्बियन, ट्रान्स मंडळी दुखणं अंगावर काढतात, कारण डॉक्टरांपेक्षा बाकावर शेजारी भेटणाऱ्या भावकीची भीती जास्त. कोल्हापुरात दोन गल्ल्या ओलांडल्या की ओळखीचं कुणीतरी निघतंच. म्हणून मी सोबत जातो, आणि वाटेत हे सांगतो.

एचआयव्हीची शंका असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) कुठं आहे ते विचारा. तपासणी फुकट, आधी समुपदेशन, मग तुमच्या संमतीनं रक्त. तुमच्या परवानगीशिवाय निकाल आईबापाला किंवा भावकीला सांगता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदाच तसा आहे. कंडोमशिवाय संबंध आला असेल तर मात्र थांबू नका. पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायच्या, गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस रोज घ्यायच्या. रविवार असला तरी अपघात विभागात जाऊन विचारा.

केसपेपरवर जुनं नाव असेल तर खिडकीशी हळू सांगा, "ताई, पुकारताना आडनावानं हाक मारा." एवढ्यानं ट्रान्स पोरींचा जीव भांड्यात पडतो.

डॉक्टरांपुढं लाजू नका. गुदद्वाराशी जखम असेल तर ती कशानं झाली असावी तेही बोला, नाहीतर मूळव्याधीचं मलम घेऊन परत याल. मैत्रिणीच्या सांगण्यावरनं हार्मोनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. इस्ट्रोजेननं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

"मुलग्याला बरा करतो" म्हणणाऱ्याकडं घरच्यांनी नेलं तर सरळ उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असल्या उपचारांना गैरवर्तन ठरवलंय. मन फारच जड झालं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.