प्रत्येक टोकदार लाट फिटची नसते

डीएम न्यूरोलॉजी, म्हणजे मेंदूविकारांच्या पदवीनंतरची एपिलेप्सी (फेफरं) फेलोशिप साधारण वर्षाची. तिरुअनंतपुरमचं श्री चित्रा, बंगळुरूचं निम्हान्स ही त्यातली जुनी नावं. अर्ज करताना स्टायपेंडच्या आधी एक विचारा: ईईजीचं, म्हणजे मेंदूच्या विद्युत लाटांचं रेकॉर्डिंग आधी फेलो वाचतो, की सही झालेला रिपोर्टच त्याच्या हाती पडतो? तयार रिपोर्ट मिळत असेल तर तिथं वर्ष घालवू नका.

डीएम संपेपर्यंत ईईजी वाचता येतो असं वाटायला लागलेलं असतं. धोका तिथंच आहे.

किनवटहून किंवा भूमहून रात्रीच्या एसटीनं आलेला पेशंट सकाळी ईईजीच्या खाटेवर पडतो आणि पाच मिनिटांत पेंगतो. पेंग आली की टेम्पोरल, म्हणजे कानशिलाच्या भागात 6 ते 11 हर्ट्झच्या, कमानीसारख्या लाटा उमटू शकतात, बहुतेक तिशीपुढच्या माणसांत. या विकेट. रांगेनं आल्या तर कुणीही ओळखतो. एकटी आली की हुबेहूब शार्प वेव्ह, म्हणजे फिटची टोकदार लाट दिसते आणि नवखा फेलो ‘टेम्पोरल एपिलेप्सी’ लिहून मोकळा होतो.

अशा वेळी त्या लाटेवर बोट ठेवा आणि मागची-पुढची पानं चाळा. त्याच जागी, त्याच आकाराची रांग सापडली तर विषय संपला. नाही सापडली तर बघा: लाटेमागून स्लो वेव्ह (संथ लाट) येते का? ईईजीची मूळ लय मोडते का? लाटेचा चढ आणि उतार सारखाच आहे का? विकेटमागे स्लो वेव्ह नसते, लयही मोडत नाही. लाट फिटची म्हणायला आयएफसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2017 च्या सहा निकषांपैकी किमान चार बसायला हवेत. आमच्या मते चारावरही घाई नको.

त्याआधी सेटिंग तपासा: पान 10 सेकंदांचं, सेन्सिटिव्हिटी 7 मायक्रोव्होल्ट प्रति मिलिमीटर, हाय फिल्टर (त्यावरच्या जलद लाटा गाळणारा) 70 हर्ट्झ. ‘साफ दिसावं’ म्हणून कुणी तो 15 वर आणला असेल, तर जबडा आवळल्याचा कचराही स्पाइक, म्हणजे फिटची अणकुचीदार लाट होऊन बसतो. ईसीजीचा चॅनेल नसेल तर तो लावून घ्या.

एवढं खोलात सांगायचं कारण शिक्का. उन्हात शेतात चक्कर येऊन पडला, दहा सेकंद हातपाय झटकले, मिनिटाभरात नीट बोलायला लागला, ही सिंकोपची, म्हणजे साध्या घेरीची हकिकत आहे. त्यावर विकेटचा शिक्का बसला की वर्षानुवर्षं कार्बामाझेपिन हे फिटचं औषध, आणि वाहन परवान्याच्या फॉर्म 1 मध्ये फिटचा प्रश्न. 1999 मध्ये हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याचं कारण निघालं; सोयरिकीच्या बैठकीतून अजून निघालेलं नाही.

‘औषधाला दाद देत नाही’ हेही जपून लिहा. योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, नियमित घेऊनही फिट येत असतील तरच. बीडची ऊसतोड टोळी पाच-सहा महिन्यांसाठी जाते, गोळ्या मात्र महिन्याच्या नेते. असा पेशंट थेट व्हिडिओ ईईजीच्या बेडवर टाकू नका, आधी गोळ्यांचा हिशोब करा.

लातूर पॅटर्ननं ‘नीट’ परीक्षा निघते, ईईजी निघत नाही. स्पाइक शोधणारं सॉफ्टवेअर स्वतः वाचून झाल्यावर उघडा. गुरू तो बरा, जो तुमचं वाचन ऐकून फक्त ‘कशावरून?’ विचारतो. लगेच उत्तर सांगणारा गोड वाटतो, पण वर्षाअखेर हात रिकामे राहतात.

पहिले दोन-तीन महिने सगळीकडे स्पाइक दिसतात, मग एकदम कुठंच दिसत नाहीत. घाबरू नका, दोन्ही होतं. ‘नॉर्मल’ लिहिल्यानं एपिलेप्सी नाकारली जात नाही, निदान हकिकतीवर होतं. ठरतच नसेल तर तसं लिहा, झोपेसह पुन्हा ईईजी सांगा, आणि घरच्यांना मोबाइलवर व्हिडिओ काढायला शिकवा: पेशंट कुशीवर, नाकाशी कांदा-चप्पल नाही, पांघरूण बाजूला, पूर्ण अंग चौकटीत, आणि डोळे उघडे की मिटलेले हे दिसलंच पाहिजे.