व्होल्टेज कमी म्हणून मोटर जळते? या चुका टाळा

हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत लाइन आली की डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदमच सुरू होतात, कारण जवळपास प्रत्येक स्टार्टरला ऑटो स्विच. सुरू होताना मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते. 63 केव्हीएची डीपी 5 एचपीच्या दहा-अकरा मोटारी चालवते, पण त्या एकाच क्षणी उचलणं तिच्या आवाक्यात नाही. 415 चं व्होल्टेज 332 वर घसरलं, तर मोटरचा जोर 64 टक्केच उरतो. मग ती नुसती गुरगुरते, करंट खात राहते आणि वाइंडिंग जातं. ऑटो स्विच काढा. नसेल जमत तर डीपीवरच्या सगळ्यांनी बसून टायमर एकेका मिनिटाच्या अंतराने लावा. एकट्याने लावून काही होत नाही.

मोटरचा लाइनवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर फुगला म्हणून काढून टाकला, नवा घेतलाच नाही, हे तर शिवारभर दिसतं. 3 एचपीला 1 केव्हीएआरचा (कपॅसिटरचं माप), 5 ला 2, साडेसातला 3. तो स्टार्टरच्या मोटरकडच्या बाजूला जोडा, म्हणजे मोटरसोबत बंद होईल. ओव्हरलोड रिलेच्या (करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या भागाच्या) पुढे, म्हणजे रिले आणि मोटरच्या मध्ये जोडला असेल तर रिलेतून कमी करंट जातो. सेटिंग पुन्हा करून घ्या, नाहीतर मोटर जळेपर्यंत रिले पडणार नाही.

स्टॅबिलायझर घेण्याआधी वायरमनकडून मोटर चालू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: मीटरपाशी आणि विहिरीवर. मीटरपाशी ठीक, विहिरीवर कमी, तर दोष तुमच्याच वायरचा. 300 मीटरवर 5 एचपीची मोटर 2.5 चौरस मिमी तांब्याच्या केबलवर चालवली तर सुमारे 24 व्होल्ट वाटेतच जातात. 4 चौरस मिमीवर 15. पिळून टेप मारलेले जोड वेगळेच. मीटरपाशीच कमी असेल तर स्टॅबिलायझर लाइनमधून आणखी करंट ओढतो आणि शेवटच्या खांबावरच्या शेजाऱ्याचं व्होल्टेज अजून पाडतो.

घरात एक बल्ब मिणमिणतो, शेजाऱ्याचा भगभगतो? अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतल्यावर उजेड वाढतो? मग व्होल्टेज कमी नाही, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तुटलंय. अर्थिंगलाच न्यूट्रल करून घेण्याचा उपाय गावात सर्रास सांगतात. त्याने बोअरच्या पाइपात, पत्र्यात करंट उतरतो. मेन स्विच पाडा, टीव्ही-फ्रीजचे प्लग काढा, 1912 वर तक्रार नोंदवा. डीपीवर स्वतः चढू नका, लाइन गेलेली दिसली तरी. कुणाचं इन्व्हर्टर-जनरेटर लाइनमध्ये उलटा करंट सोडत असू शकतं.