पावसाआधी गल्लीतले खांब पाहून घ्या: रस्त्यावरचा शॉक टाळण्यासाठी काय करावे

25 जून 2023 रोजी नवी दिल्ली रेल्वे स्थानकाबाहेर साचलेल्या पाण्यातून वाट काढताना एका महिलेने आधाराला विजेचा खांब धरला आणि शॉक लागून ती दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात फुटपाथवर पडलेल्या जिवंत तारेवर पाय पडून आई आणि तिचे तान्हे बाळ गेले. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, कुठल्याही शहरातले पावसाळ्यातले पेपर काढून पाहा, अशी बातमी सापडतेच.

पाऊस नवा बिघाड क्वचितच करतो. बहुतेक वेळा बिघाड आधीच झालेला असतो आणि ओल आली की तो माणसापर्यंत पोहोचतो. म्हणून हे काम मे महिन्यात करायचे आहे आणि ते गल्लीत राहणाऱ्यांनीच सुरू करायचे आहे. वायरमनच्या वाट्याला शेकडो खांब असतात. तुमच्या दारासमोरचा खांब तुम्हाला रोज दिसतो.

आधी एक शंका दूर करू. खांबात करंट उतरला तर फ्यूज उडेल, असे अनेकांना वाटते. बऱ्याचदा तो उडत नाही. समजा, खांबातल्या वायरचे आवरण सोलले आणि ती लोखंडाला टेकली. खांबाचे अर्थिंग गंजलेले, त्याचा रोध (करंटला होणारा अडथळा) 20 ओहम. मग 230 व्होल्टला जमिनीत जाणारा प्रवाह होतो 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. 32 अँपिअरच्या एमसीबीला (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) हा साधा लोड वाटतो. तो पडत नाही, दिवा छान चालू राहतो आणि खांब रात्रभर जिवंत राहतो. ओल्या अंगाने, अनवाणी कुणी हात लावला तर त्याच्या शरीरातून काहीशे मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. दिवा नीट लागतोय म्हणजे खांब सुरक्षित, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

फेरी मारा, फक्त डोळ्यांनी

दिवसाउजेडी, कोरड्यात, दोघेतिघे मिळून गल्लीतून चाला. हात कशालाही लावू नका. टेस्टर घेऊन खांब तपासायला तर मुळीच जाऊ नका. तो टेस्टर चालतो तुमच्याच शरीरातून जाणाऱ्या करंटवर, आणि तो पेटला नाही म्हणून खांब मेलेला आहे असे सिद्ध होत नाही. मोजमाप वायरमनचे काम.

पथदिव्याच्या खांबाला खाली, गुडघ्याच्या आसपास, एक छोटे दार असते. आत केबलचे जोड असतात. हे दार चोरीला जाते, गंजून पडते किंवा कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी सुतळीने बांधून ते ‘बंद’ केलेले असते. पिशवीच्या आत काळ्या टेपने गुंडाळलेला जोड, टेपचे टोक सुटलेले, त्याच्यावर चिखलाचे शिंतोडे. असे दृश्य दिसले की तो खांब यादीत सर्वात वर. त्यातही खांब देवळाजवळ असेल तर तक्रारीला उशीर करू नका. लोक चपला काढून उभे असतात आणि परत चपला घालताना तोल सावरायला हाताशी येतो तो हाच खांब. शाळेचे फाटक, बसथांबा आणि भाजीवाल्यांची रांग यांनाही असेच अग्रक्रम द्या.

बाकी पाहायचे ते असे: उघडे किंवा दार लोंबणारे फीडर पिलर आणि डीपी (रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेट्या), खांबाला गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळा, ज्यांची पातळ वायर लोखंडाच्या कडेवर घासून सोलते, खांबावरून स्टॉलसाठी टाकलेला आकडा, फांद्यांत अडकलेल्या तारा, पत्र्याच्या शेडवरून किंवा लोखंडी रेलिंगला टेकून गेलेली केबल, दुकानांचे पेटते बोर्ड. खांबाला तिरकी बांधलेली ताणाची तार असेल तर तिच्यात वरच्या बाजूला चिनीमातीचा अंड्याच्या आकाराचा इन्सुलेटर आहे का, तेही बघा. नसेल तर वर बिघाड झाल्यावर करंट थेट हाताच्या उंचीपर्यंत येतो.

आणि जनावरांकडे लक्ष द्या. एका ठरावीक खांबाजवळ कुत्रे केकाटते, गाय बिचकते, तर ती सूचना समजा. जनावरांचे पाय जमिनीला थेट टेकलेले असतात आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे त्यांना आधी कळते. जानेवारी 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये फिरायला नेलेले दोन कुत्रे रस्त्यातल्या एका लोखंडी झाकणावर अचानक बिथरले. त्यांना सावरायला गेलेली त्यांची मालकीण तिथेच शॉकने गेली. त्यानंतर त्या राज्याच्या नियामक आयोगाने रस्त्यावरच्या वीज साहित्याची नियमित चाचणी वीज कंपन्यांना सक्तीची केली.

खांब कुणाचा, ते आधी ठरवा

तक्रारी इथेच अडकतात. पालिका म्हणते खांब महावितरणचा, महावितरण म्हणते दिवा पालिकेचा. साधारणपणे महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत वितरणाच्या तारा, डीपी आणि फीडर पिलर महावितरणचे असतात, तर पथदिवे महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या विद्युत विभागाकडे. मुंबईत भागानुसार बेस्ट, अदानी, टाटा पॉवर आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. शंका असेल तर दोघांनाही एकच तक्रार पाठवा आणि प्रत्येकाला दुसऱ्याची प्रत दिल्याचे त्यात लिहा. टोलवाटोलवी बरीच कमी होते.

तक्रार 1912 वर करता येते. महावितरणचे 1800-233-3435 आणि 1800-212-3435 हे टोल फ्री क्रमांक आहेत. मुंबईत पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक 1916. फोन करा, पण फोनवर थांबू नका. लेखी तक्रार द्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ‘खांबात करंट येतो’ एवढे लिहून भागत नाही. खांबावर रंगवलेला नंबर, जवळची खूण, दोन फोटो (एक जवळून, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा) आणि नेमके काय दिसले ते लिहा. मागणीही नेमकी करा: जोड नव्याने करावा, दार बसवावे, अर्थिंगचा रोध मोजून आकडा कळवावा. हा आकडा मागितला की काम टेप गुंडाळण्यावर भागवता येत नाही.

आठवड्यात हालचाल नाही तर नगरसेवक किंवा वॉर्ड कार्यालय, आणि त्याच वेळी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकांना अर्ज. हे राज्याच्या ऊर्जा विभागाचे अधिकारी, वीज कंपनीचे नोकर नव्हेत. माहिती अधिकारात ‘या खांबाची शेवटची तपासणी कधी झाली’ एवढे विचारले तरी 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

दुरुस्ती होईपर्यंत खांबाला हात न लावता चारी बाजूंनी अंतर ठेवून दोरी किंवा बांबूचा अडथळा करा, मोठ्या अक्षरात फलक लावा आणि शाळकरी मुलांना तोंडी सांगा. लोखंडी बॅरिकेड खांबाला टेकवू नका, तेही जिवंत होईल.

आपल्या हातातले

दुकानाचा बोर्ड, सोसायटीचे गेट, बाहेरचा पंप, मंडळाचा मंडप, इथे जबाबदारी आपली. प्रत्येक बाहेरच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. गणेश मंडळांनी वीज कंपनीकडून अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि मंडपाच्या लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावेच. मिरवणुकीत उंच मूर्ती किंवा ट्रॉली तारेखालून जात असेल तर बांबूने तार वर उचलायची नाही. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा.

पाण्यात असाल तर

पाणी तुंबलेल्या रस्त्यात खांब, रेलिंग, शटर, उभ्या गाड्या कशालाही धरू नका. लाकडी काठी टेकत चाला. पायांत मुंग्या आल्यासारखे वाटले तर पुढे जाऊ नका. पाय न उचलता, अगदी छोट्या सरकत्या पावलांनी, आलात त्याच वाटेने मागे फिरा. दोन पायांत अंतर जितके जास्त, तितका व्होल्टेजचा फरक जास्त. रबरी चपला आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, घोट्याएवढ्या पाण्यात त्यांचा उपयोग नाही. तुटलेली तार दिसली तर किमान दहा मीटर लांब राहा. ती शांत पडलेली असली तरी जिवंत धरूनच चाला.

कुणाला शॉक लागला तर धावत जाऊन त्याला धरू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसरा आणि मग तिसरा, असे सलग मृत्यू होतात. आधी पुरवठा बंद करा. दुकानातून किंवा मंडपातून वीज येत असेल तर तिथला मेन स्विच पाडा. खांबाची असेल तर 1912 वर फोन, सोबत 108. तुम्ही कोरड्या जागी उभे असाल आणि तार घरगुती दाबाची असेल, तरच कोरड्या बांबूने किंवा पीव्हीसी पाइपने त्याला सोडवा. 11 केव्हीची, म्हणजे 11 हजार व्होल्टची लाइन असेल तर बांबूही नको. माणूस सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब द्या, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. शॉकने थांबलेले हृदय अशाने परत सुरू झाल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे गेला असे समजून सोडू नका.

अपघात झालाच तर दुरुस्ती होण्याआधी जागेचे फोटो काढा, पोलिस पंचनामा करून घ्या आणि विद्युत निरीक्षकांना कळवले आहे याची खात्री करा. वीज कायदा 2003 च्या कलम 161 नुसार अशा अपघाताची सूचना देणे आणि चौकशीची तरतूद आहे. भरपाईसाठी त्या अहवालाला मोठे वजन असते. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात, पाणी साचलेल्या रस्त्यावर पडलेल्या तारेने सायकलवरून जाणाऱ्या कामगाराचा मृत्यू झाला तेव्हा, मंडळच भरपाईला जबाबदार असल्याचे सांगितले. कुणीतरी वीज चोरायला तार ओढली होती, हा मंडळाचा बचाव मान्य झाला नाही. मे महिन्यात दिलेल्या तक्रारीची शिक्क्याची प्रत अशा वेळी कामी येते. ती एका माणसाच्या फोनमध्ये ठेवू नका, सोसायटीच्या फाइलला लावा.