पाय दुखतोय? आधी जुनी चप्पल उलटी करून बघा

पाय दुखायला लागला की माणूस मेडिकलमध्ये जातो, मलम आणतो, महिनाभर चोळतो आणि मग म्हणतो, ‘गुण येत नाही.’ यायचा कसा? ज्या चपलेनं कुरूप केलं तीच दिवसभर पायात असते. कुरूप, घट्टे, टाचेच्या भेगा, बोटांतल्या चिखल्या, सकाळची टाचदुखी या रोजच्या तक्रारींत बऱ्याचदा मूळ पायताणात असतं, आणि नसलं तरी पायताण त्यांना बरं होऊ देत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात तिथून.

सहा महिने तरी वापरलेली जोडी घ्या आणि तळ वर करून उजेडात ठेवा. टाचेची मागची, बाहेरची कड थोडी जास्त झिजलेली असते. त्यात काही बिघडलेलं नाही, चालताना पाऊल तिथेच आधी टेकतं. आतली कड झिजली असेल आणि बूट मागून बघितल्यावर आतल्या बाजूला कललेला दिसत असेल, तर पाऊल आत कोसळतंय आणि कमान दबतेय. दोन्ही पायांची झीज एकमेकींपेक्षा फारच वेगळी दिसली तर कारण पायाच्या लांबीत, गुडघ्यात किंवा कमरेत असू शकतं. हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना ती जोडी पिशवीत घालून न्या, त्यांना बरंच कळतं.

आता आतून बघा. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, चवड्यावर, खोल खळगा पडला असेल तर भार तिथे एकवटतोय. तळपायावर त्याच जागी घट्टा सापडेल. टोकाशी अंगठ्याच्या नखानं कापडाला भोक पाडलंय, म्हणजे बूट आखूड. करंगळीच्या बाजूचं कातडं तळाच्या बाहेर ओघळलंय, म्हणजे बूट अरुंद. आणि तळाची नक्षी गुळगुळीत झालेली हवाई चप्पल थेट टाकून द्या. आपल्याकडे ती ‘बाथरूमसाठी’ ठेवायची पद्धत आहे, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त घसरायला होतं नेमक्या तिथेच.

माप कसं घ्यायचं

‘माझा सातच नंबर’ या भरवशावर बूट घेऊ नका. वय, वजन आणि बाळंतपण यांनी पाऊल लांबतं, पसरतं. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देत उभे राहा. बसून घेतलेलं माप कमी येतं. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कड आखायला सांगा. पेन्सिल आत तिरकी झाली की अर्धा सेंटिमीटर तिथेच गेला. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा (अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं), आणि चवड्याची सर्वात जास्त रुंदीही. दोन पायांत फरक असतोच. मोठा पाय धरायचा. बंद बुटासाठी आतली लांबी पावलापेक्षा १ ते सव्वा सेंटिमीटर जास्त हवी, कारण चालताना पाऊल पुढे सरकतं.

ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबर ६.७ मिलिमीटरनं वाढतो. दोन्ही आकडे लांबीचे, रुंदीचा यात पत्ताच नाही, आणि आपली खरी अडचण रुंदीची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभर लाखाहून जास्त लोकांच्या पावलांची मापं घेतली, तेव्हाही आपली पावलं युरोपीय-अमेरिकी लोकांपेक्षा साधारणपणे जास्त रुंद असल्याचं दिसलं. रुंदीला बूट घट्ट झाला की लोक एक नंबर वरचा घेतात. मग टाच मागे निसटते आणि बूट चवड्याच्या पुढे दुमडतो. बोटं बूट पकडून ठेवायला वाकतात आणि वाकलेल्या बोटांच्या पेरांवर कुरूप उठतं. त्यापेक्षा रुंद पुढा असलेला दुसरा साचा शोधा.

दुकानात हे करा. आखलेला कागद कापून सोबत न्या. बुटाची आतली गादी बाहेर काढून कागद तिच्यावर ठेवा. कागद कडेनं बाहेर डोकावला तर तो बूट तुमचा नाही, सेल्समन कितीही म्हणो की ‘वापरून सैल होईल’. लांबीला बूट सैल होत नाही. रुंदीला कातडं थोडं देतं, रेक्झिन जवळजवळ नाहीच. मग बूट दोन्ही हातांत धरून वाकवा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे. मध्येच घडी पडत असेल तर कमानीला आधार नाही. टाचेची मागची भिंत अंगठ्यानं दाबा. ती सहज आत दबली तर टाच डगमगणार. शेवटी मोजे घालून दुकानातल्या लादीवर पाच मिनिटं चाला, गालिच्यावर नको. टाच थोडी निसटत असेल तर सगळ्यात वरच्या दोन भोकांतून नाडीचा एक छोटा फास करून समोरची नाडी त्यात ओवा आणि मग बांधा. टाच जागेवर बसते.

कुरूप आधीच असेल तर ब्लेडनं कापू नका. दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवून वज्रीनं हलकेच घासा, आणि दाब देणारी जागा बुटातून काढा. कातडी बूट असेल तर गटई कामगार तेवढीच जागा कालबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून देतात. कॉर्नकॅपमध्ये, म्हणजे कुरपावर चिकटवायच्या औषधी पट्टीत, सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरपासोबत भोवतालची चांगली कातडीही जाळतं. मधुमेह असलेल्यांनी तिला हात लावायचा नाही. एक फरक ओळखा: सरळ दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखतं आणि आत काळे ठिपके दिसतात ती बहुधा चामखीळ. तिचं कारण विषाणू, बूट बदलून ती जाणार नाही.

कोल्हापुरी

कोल्हापुरी चावते म्हणून लोक ती सैल होईपर्यंत सोसतात. एवढं सोसायची गरज नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे कातडं सुरुवातीला ताठ असतं, तेल पाजलं की मऊ पडतं. पट्ट्याची आतली बाजू, चपलेचा अंगठा (ज्यात पायाचा अंगठा घालतो ते कडं) आणि कानांच्या (तळाच्या दोन्ही बाजूंच्या कातडी पाळ्यांच्या) कडा यांवर एरंडेल किंवा तिळाचं तेल बोटानं चोळून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यानं पुसा. असं दोन-तीन रात्री करा. रंग थोडा गडद होईल, ते धरूनच चाला. तळाला मात्र तेल नको, लादीवर घसरायला होतं. पहिला आठवडा घरातच अर्धा-अर्धा तास घाला. पावसात ती बाहेर काढूच नका: कातडी तळ पाणी पिऊन फुगतो, वाळताना वाकडा होतो. भिजलीच तर आत कागद दाबून सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की कातडं तडकतं. टाच दुखणाऱ्यानं ती लग्नकार्यापुरती घालावी. तळ सपाट आणि कडक असतो, रस्त्यावर आठ तास चालण्यासाठी ती नाही.

पावसाळ्यातल्या चिखल्या

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, खाज येते, वास येतो, चीर पडते. ही बहुधा बुरशी असते. तिला ओल, ऊब आणि अंधार लागतो. ओले मोजे आणि बंद बूट ते सगळं पुरवतात. घरी आल्याबरोबर पाय साबणानं धुवा आणि प्रत्येक बेचक्यात वेगळ्या कोरड्या फडक्याचं टोक घालून पुसा. नुसतं पायपुसण्यावर पाय घासल्यानं बेचकं कोरडं होत नाही. मग क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, पातळ थर. खाज चार दिवसांत थांबते आणि लोक मलम बंद करतात. म्हणून ती पंधरा दिवसांनी परत येते. कातडी नीट दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचं.

ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइडचं मिश्रण आहे. त्यानं खाज लगेच शमते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते, आणि पुढे तिच्यावर साधं मलम चालेनासं होतं. ‘तो लाल डब्यातला मलम द्या’ असं सांगून घेतलेली औषधं बहुतेक याच जातीची निघतात.

भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. आतली गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा, आणि निदान २४ तास तो घालू नका. म्हणजे पावसाळ्यात दोन जोड लागतात. परवडत नसेल तर एक बूट आणि एक मागे पट्टा असलेली फ्लोटर ठेवा. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर पाय धुऊन झाल्यावर थांबू नका. लेप्टोचा (उंदीर-गुरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, प्रतिबंधक गोळी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्यायची असते.

टाचेच्या भेगा

तळपायाला तेलाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे तिथली कातडी आपण होऊन मऊ राहत नाही. मागून उघड्या चपलेत टाचेची गादी भारानं बाजूला पसरते, वरची कोरडी जाड कातडी ताणली जात नाही, आणि फाटते. वजन जास्त, उभं राहून काम, थंड लादी, अशात भेगा खोल जातात.

कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं पाय ठेवा. कढत पाण्यानं कातडी उलट जास्त कोरडी पडते. वज्री आठवड्यातून दोनदाच, तीही हलक्या हातानं. रोज खसाखसा घासलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. पुसून कातडी ओलसर असतानाच १० ते २५ टक्के युरियाचं क्रीम लावा आणि सुती मोजे घालून झोपा. रक्त येणाऱ्या भेगेत युरिया झोंबतो. तिथे कोकणातली जुनी रीत बरी: कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा चमच्यात किंचित तापवून, बोटाला सोसेल इतपत झाल्यावर भेगेत भरायचा. थंड झाला की तो तिथेच गोठतो आणि ओलावा आत राहतो. रोज लावलं तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. मागे पट्टा असलेलं किंवा टाच बंद असलेलं पायताण नसेल तर भेगा परत येतात. साध्या सँडललाही मागे पट्टा शिवून मिळतो.

सकाळची टाचदुखी

उठल्यावर पहिली चार पावलं टाच ठणकते आणि चालल्यावर कमी होते, तर तळपायाचा पट्टा ताणलेला आहे. पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटं हातानं नडगीकडे ओढून ३० सेकंद धरा, तीनदा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणा, तेही तीस-तीस सेकंद. संध्याकाळी पाण्याची बर्फ केलेली बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली पाच मिनिटं फिरवा. घरात लादीवर अनवाणी चालणं बंद, हे सगळ्यात जड जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. घरासाठी वेगळी मऊ एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल ठेवा. अंगठ्यानं दाबल्यावर तळ दबला पाहिजे आणि सोडल्यावर लगेच वर आला पाहिजे; दबूनच राहत असेल तर तो टाच झेलणार नाही. कमी व्हायला महिने लागू शकतात, आठवड्यात गुण शोधू नका.

मुलांचे बूट ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. पुढे सव्वा सेंटिमीटर पुरे, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा. मुलं आखूड बुटाची तक्रार सहसा करत नाहीत.

घरात मधुमेह असेल तर

साखर वाढून नसा बधिर झाल्या की चप्पल चावलेली कळत नाही. खिळा घुसलेल्या बुटात माणूस दिवसभर चालतो. म्हणून रोज रात्री तळवा आरशात बघा, पाणी कोपरानं तपासा, बूट घालण्यापूर्वी झटका आणि आत हात फिरवा. अंगठ्याची चप्पल टाळा, तिच्या दांडीनं बेचक्यात जखम होते. रुंद पट्टे आणि मागे बंद असलेली घ्या. देवळात मोजे घालून जा, तापलेल्या फरशीवर फोड येतात आणि कळतही नाहीत. नखं आंघोळीनंतर सरळ कापा, कोपरे खोदू नका.

नसांची चाचणी घरीच होते. डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, टोकावर, आपल्या बोटानं एक-दोन सेकंद नुसता स्पर्श करा. दाबू नका, टिचकी नको, एकाच बोटाला दुसऱ्यांदा स्पर्श नको. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी ‘कळलं’ असं उत्तर आलं नाही, तर जखम नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना पाय दाखवा. जखम लाल, गरम किंवा वासाची झाली असेल तर त्याच दिवशी.