ब्रिस्टलमधला पहिला ऑक्टोबर

मास्टर्ससाठी ब्रिस्टलला येणारे आपल्याकडचे बरेच जण सप्टेंबरच्या शेवटी पोहोचतात. खोली, बँकेचं खातं, पार्टटाइम काम या धावपळीत ऑक्टोबर निघून जातो. ब्रिटनमध्ये १९८७ पासून हाच महिना 'ब्लॅक हिस्टरी मंथ', म्हणजे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, म्हणून पाळतात. विद्यापीठाकडून व्याख्यानं, चर्चा, शहरफेऱ्या यांचे मेल येत राहतात, आणि मी ते न उघडताच पुसून टाकत होते. आपला काय संबंध, असं वाटायचं. वर्गातली एक मैत्रीण, तिचे आजी-आजोबा जमैकाहून आलेले, मला ओढून शहरफेरीला घेऊन गेली. तुम्ही कुणी ओढण्याची वाट पाहू नका.

फेरी आमच्याच विल्स मेमोरियल इमारतीपासून सुरू झाली. ती उभी राहिली तंबाखूच्या पैशातून, आणि तो तंबाखू अमेरिकेत कित्येक पिढ्या गुलामांनी पिकवला होता. रोज ज्या दारातून जायचे, त्याच्याकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. पुढे पार्क स्ट्रीट उतरलं की बंदर. तिथल्या एका पादचारी पुलाला पेरो जोन्सचं नाव आहे. नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्याच्या मालकाने गुलाम म्हणून इथे आणलेला हा माणूस. मालकाचं घर आज संग्रहालय आहे, जरूर पाहा.

एम शेड संग्रहालयात एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा आडवा ठेवलाय. गुलामांच्या व्यापारात कमावलेल्या या माणसाचा पुतळा १८९५ मध्ये दानशूर म्हणून उभारला गेला आणि ७ जून २०२० रोजी वंशभेदाविरुद्धच्या मोर्चातल्या लोकांनी तो दोर लावून पाडला, ओढत नेऊन बंदराच्या पाण्यात टाकला. अंगावरचा लाल-निळा रंग मुद्दाम तसाच ठेवलाय. मी बराच वेळ तिथे थांबले.

पण मला धरून ठेवलं ते बसच्या गोष्टीने. १९६३ पर्यंत इथली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती, आणि युनियनही कंपनीच्याच बाजूने. पॉल स्टीफनसन हे तरुण काळे कार्यकर्ते आणि त्यांच्या कॅरिबियन साथीदारांनी बसवर बहिष्कार पुकारला. लगेच १ मे रोजी याच विद्यापीठाचे शंभरावर विद्यार्थी मोर्चा घेऊन बसस्थानकावर गेले. २८ ऑगस्टला कंपनी नमली. त्यानंतर पहिला गोरा नसलेला कंडक्टर कोण लागला? रघबीर सिंग, एक शीख माणूस. लढा कॅरिबियन लोकांनी पुकारला आणि पहिली नोकरी आपल्या माणसाला मिळाली. 'आपला काय संबंध' हे माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

त्याच आठवड्यात एका चर्चेत गोल करून बसलो होतो. कुणीतरी साधेपणाने विचारलं, तुमच्याकडे असं काही असतं का? मी लगेच म्हणाले, जात आता शहरात कुणी पाळत नाही. शेजारी मराठवाड्यातला एक मुलगा होता. तो तिथे काहीच बोलला नाही. जिन्यात म्हणाला, "ताई, पुण्यात तीन घरमालकांनी मला आडनाव विचारून खोली नाकारली." मला आजही ते आठवलं की लाज वाटते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्याच्याकडे होतं, आणि मी ते त्याच्या देखत खोडून काढलं होतं. तुम्ही असं करू नका. माहीत नसेल तर गप्प राहा, ज्याने सोसलंय त्याला बोलू द्या.

आणखी एक, हे मनापासून सांगते. आपल्या फ्लॅटमध्ये मराठीत 'तो काळ्या' म्हणणं पहिल्या दिवशीच बंद करा. समोरच्याला कळत नाही म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. खोलीसाठी माणूस शोधताना 'आफ्रिकन नको' लिहिणारेही आपल्यात आहेत. त्यांना तिथल्या तिथे अडवा. कुणाच्या केसांना हात लावू नका. 'मूळचा कुठला' हे खोदून विचारू नका, बऱ्याचदा तो ब्रिस्टलचाच असतो.

महिन्याच्या शेवटच्या कार्यक्रमात त्या मुलाने बोलायला नाव दिलं. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना वाहिली आहे. ती मुळातच इंग्रजीत आहे, त्याने ती फोनवरून सावकाश वाचली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, तेही सांगितलं. मग खोल्यांचा अनुभव सांगितला. आवाज थोडा थरथरला, पण थांबला नाही. समोर सेंट पॉल्स भागातले एक वयस्कर कॅरिबियन गृहस्थ बसले होते. त्यांनी हात वर करून पुस्तकाचं साल पुन्हा विचारलं. तो म्हणाला, १८७३. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे ते लिहून घेतलं.