स्वस्त डेस्कटॉप स्पीकर पारखताना या चुका टाळा

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला ‘जरा ऐकवा ना’ म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तो धडधडणारं एखादं गाणं लावतो, आवाज पाऊण चढवतो आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. बाहेर हॉर्न, शेजारच्या गाळ्यात दुसरंच गाणं, डोक्यावर पंखा. या कल्लोळात बारीकसारीक काही कळणं शक्यच नसतं. कळतो तो बास, म्हणजे खालचे सूर, आणि दणका. आणि दीड-दोन हजारांच्या स्पीकरमध्ये फुगवायला सगळ्यात सोपं तेच असतं. या किमतीत खरी परीक्षा मधल्या सुरांची, म्हणजे माणसाच्या आवाजाची. गळा नीट ऐकू येत असेल तर बास थोडा कमी असला तरी चालतं. गळाच बिघडला असेल तर बासने काही भरून निघत नाही.

जास्त मोठा तो जास्त चांगला वाटतो

दोन स्पीकर शेजारी ठेवून ऐकताना जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला भरीव आणि स्पष्ट वाटतो. यामागे कानाची रचना आहे. हळू आवाजात खालचे सूर आपल्याला कमीच ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करा. फोनवर डेसिबल मोजणारं फुकट अ‍ॅप घ्या, फोन कान असतो त्या जागी ठेवा आणि दोन्ही स्पीकरवर गाण्याचा तोच तुकडा वाजवा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तुलनेपुरता पुरतो. फरक १ डेसिबलच्या आत आला की मगच मत बनवा. बरेचदा तोवर ‘हा कितीतरी भारी’ वाटणारा स्पीकर जमिनीवर आलेला असतो.

खोक्यावरचे आकडे

पीएमपीओ (क्षणभरापुरती, फुगवून सांगितलेली ताकद) हा आकडा दिसला की सरळ दुर्लक्ष करा. आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, विचारा. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचं गणित तर तोंडी होतं. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे २.५ वॅट. तेवढ्यातच अ‍ॅम्प्लिफायरही चालायचा असतो. त्यावर चालणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावर ‘१० वॅट’ लिहिलं असेल तर ते सलग मिळणं शक्य नाही. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो तो ३ डेसिबलनेच. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ (किती खालपासून किती वरपर्यंतचे सूर वाजतात ती पट्टी) हेही असंच: पुढे अधिक-उणे किती डेसिबल ते दिलं नसेल तर त्या ओळीला अर्थ नाही.

काय लावून ऐकायचं

नवीन स्पीकरवर नवीन गाणं लावू नका. वर्षानुवर्षं ऐकलेलं, कुठे श्वास घेतलाय तेही पाठ असलेलं काहीतरी लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून चार ठिकाणी फिरून आलेली फाइल मात्र नको. तिच्यातली खरखर तुम्ही स्पीकरच्या नावावर लिहाल.

पहिल्यांदा बोलणं ऐका. आकाशवाणीच्या मराठी बातम्या उत्तम. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि दोन इंची ड्रायव्हर (स्पीकरमधला आवाज काढणारा पडदा) तिथेच धापा टाकायला लागतो. जुन्या लँडलाइनची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झची होती. निवेदक त्या फोनवरून बोलतोय असं वाटलं तर खालची बाजू लंगडी आहे. खोक्यात तोंड घालून बोलतोय असं वाटलं तर स्पीकरचं खोकंच वाजतंय. मग वरची बाजू. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे ऐकू यायला हवेत. दोन्ही सारखेच वाटले तर ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) बोथट. प्रत्येक स आणि श कानात टोचला तर तोच ट्वीटर भडक.

नंतर तबला. डग्ग्यावर घुमारा सरकत वर जातो, ती मींड ऐका. खाली बाससाठी वेगळा वूफर असलेल्या स्वस्त २.१ सेटवर अनेकदा ही मींड सपाट होते आणि प्रत्येक ठोक्याला तोच ‘भुम्’ येतो. त्या वूफरला एकच सूर पाठ असतो. नाचाच्या गाण्यात हे लपतं, ठुमरीत उघडं पडतं. तानपुऱ्याची जवारीही (तारांचा झंकार) लावून बघा. चांगल्या स्पीकरवर तिचे पदर उलगडतात, वाईटावर नुसती गुणगुण राहते.

मोनोत मुद्रित झालेली १९५०-६० च्या दशकांतली भावगीतं अजून एका कामाला येतात. गायिका बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये, स्क्रीनच्या जागी उभी राहिली पाहिजे. ती एका बाजूला झुकली, तर आधी आवाजाचं बटण बघा. स्वस्त बटणं अगदी हळू आवाजाला दोन्ही बाजू सारख्या देत नाहीत. बटण मध्यावर ठेवा आणि आवाज कॉम्प्युटरवरून कमी-जास्त करा.

एकाच कंपनसंख्येचा चाचणीचा सूर वाजवून बास तपासणाऱ्यांचीही एक फसगत होते. ५० हर्ट्झचा सूर लावला, काहीतरी ऐकू आलं, म्हणून खूश व्हायचं नाही. लहान ड्रायव्हर ५० वाजवता न आल्यामुळे विकृत होऊन १०० आणि १५० वाजवतो आणि आपण त्यालाच बास समजतो. १५० पासून हळूहळू खाली या. सूर खाली उतरताना ऐकू येण्याऐवजी जिथे घरघर सुरू होते, तिथे त्या स्पीकरची हद्द संपली. ही तपासणी हळू आवाजातच करा.

घरी आणल्यावर

मुंबईतल्या घरात टेबल बहुधा कोपऱ्यातच असतं, दुसरीकडे जागा कुठे असते म्हणा. पण मागची भिंत खालचे सूर वाढवते, कोपरा आणखी वाढवतो. त्यामुळे दुकानात ठीक वाटलेला स्पीकर घरी बोदा वाटतो. वीतभर पुढे ओढा, फरक लगेच कळेल. मॉनिटरच्या आड किंवा लोखंडी कपाटावर ठेवू नका, कपाटाचा पत्राही गाऊ लागतो. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा. तेवढी उंची नसेल तर पुढच्या बाजूला रबराचे तुकडे लावून स्पीकरचं तोंड वर करा. पंखा बंद करून, रात्री रहदारी कमी झाल्यावर ऐका, आणि परत करायची मुदत संपायच्या आत ऐका.

बिघाड वाटतो, पण नसतो

गाण्यातली वाद्यं ऐकू येतात आणि गायकच गायब होतो? पिन अर्धवट बसली आहे. पिनमधला अर्थचा (दोन्ही बाजूंच्या सामाईक तारेचा) संपर्क सुटला की दोन्ही बाजूंना सामाईक असलेला आवाज कटतो आणि गळा नेमका तिथेच असतो. पिन खटकन बसेपर्यंत दाबा.

बास अचानक पातळ झाला आणि गळा कुठून येतोय तेच कळत नसेल, तर उघड्या वायरींच्या स्पीकरमध्ये एका बाजूचे लाल-काळे उलटे लागलेत का पाहा. ब्लूटूथ स्पीकरवर मीटिंग सुरू होताच सगळं टेलिफोनसारखं ऐकू येत असेल, तर कॉम्प्युटर त्याच स्पीकरचा माइक वापरतोय. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा. विंडोजमधली ‘एन्हान्समेंट्स’ (आवाजात आपोआप बदल करणारी सेटिंग्ज) तर पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला स्पीकर लावल्यावर माउस हलवला की किरकिर येत असेल तर मागचा हिरवा जॅक वापरा. सतत ‘हुं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. हुंकार थांबला, तर दोष अर्थच्या वेटोळ्यात (दोन उपकरणांच्या अर्थच्या तारा ऑडिओ वायरमधून जुळून बनलेल्या फेऱ्यात) आहे. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, तरी नाही गेला तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हे वेटोळं तोडणारी छोटी डबी) लावा. काही जण अशा वेळी प्लगची तिसरी पिन काढून टाकायला सांगतात. हुंकार जातो, पण शॉक लागू नये म्हणून असलेली अर्थिंगही जाते. ते अजिबात करू नका.